एसडब्ल्यूआर बरा म्हणून चोक खरा ठरत नाही

घरी गुंडाळलेला कॉमन मोड चोक चालतो की नाही हे कसं ओळखायचं, असं एखाद्या नव्या हॅमने विचारलं की त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: लावून बघ, एसडब्ल्यूआर दीडच्या आत आला की झालं. शेजारी बसलेले कुणी जाणते त्यात भर घालतात की अँटेना चढवायचीही गरज नाही, एका टोकाला डमी लोड लाव, दुसऱ्या टोकाला मीटर. सुई हलली नाही म्हणजे चोक उत्तम. सांगणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो. पण दोन्ही उत्तरं सपशेल चुकीची आहेत. ती इतकी वर्षं दिली जात आहेत की त्यांच्यावर शंका घेणं हा आगाऊपणा समजला जातो, आणि म्हणूनच त्यांचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

डमी लोडची चाचणी आधी घेऊ, कारण तिच्यातली चूक अधिक उघड आहे. कोअ‍ॅक्स केबलमध्ये डोळ्यांना दोनच वाहक दिसतात, पण रेडिओ लहरींच्या दृष्टीने ते तीन असतात: मधली तार, शिल्डची आतली बाजू आणि शिल्डची बाहेरची बाजू. ७ मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्यात साधारण २५ मायक्रॉन खोलीपर्यंतच शिरतो. शिल्डची जाळी त्याहून जाड असल्यामुळे तिच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंवरून दोन वेगळे प्रवाह एकमेकांत न मिसळता वाहू शकतात. ट्रान्समीटरची शक्ती अँटेनापर्यंत नेण्याचं काम मधली तार आणि शिल्डची आतली बाजू करतात. त्या दोघांतले प्रवाह सारखे आणि उलट दिशांचे असतात, त्यामुळे त्यांचं चुंबकीय क्षेत्र केबलच्या बाहेर पडतच नाही आणि बाहेरच्या फेराइटला त्यांचा पत्ताही लागत नाही. चोकने अडवायचा असतो तो बाहेरच्या बाजूवरचा प्रवाह, म्हणजेच कॉमन मोड प्रवाह.

आता त्या चाचणीत काय घडतं ते पाहा. डमी लोड ५० ओहमचा, धातूच्या डब्यात बंद. तिथे शिल्डच्या बाहेरून प्रवाह वाहायला कारणच नाही. मीटर जे मोजतो ते सगळं केबलच्या आतलं. कोअर काढून टाका आणि त्याच केबलचा सरळ तुकडा जोडा, मीटर तेच दाखवेल. कोअरच्या जागी लाकडी कडं ठेवलं तरीही तेच. चोक असो वा नसो, जिचा निकाल बदलत नाही ती चोकची चाचणी होऊच शकत नाही. वेढे घालताना केबल चेपली गेली नाही आणि कनेक्टरचा टाका नीट बसला आहे, एवढं तिच्यातून कळतं. तेही कळायला हवं, पण ती केबलची परीक्षा झाली.

अँटेनावर एसडब्ल्यूआर बघायचा सल्ला याहून फसवा आहे, कारण तिथे अँटेना खरी असते आणि आकडाही खरोखर बदलतो. डायपोलला कोअ‍ॅक्स थेट जोडली की शिल्डची बाहेरची बाजू डायपोलच्या एका पायाला आपोआप जोडली जाते. अँटेनाला तिसरा पाय फुटतो. तो किती लांब, भिंतीला किती जवळ, खाली अर्थला टेकलेला की मोकळा, या सगळ्यावर मीटरचा आकडा ठरतो. चोकने तो पाय तोडला की आकडा हलणारच. तो खाली जाईल की वर, हे तिसरा पाय आधी काय करत होता यावर अवलंबून. चोक लावण्याआधी १.२ असलेला एसडब्ल्यूआर नंतर १.६ झाला म्हणून चोक भंगारात टाकणारे मी पाहिले आहेत. १.६ हाच त्या डायपोलचा स्वतःचा आकडा होता, १.२ हा डायपोल आणि केबल मिळून तयार झालेल्या वेगळ्याच अँटेनाचा होता. अशा वेळी डायपोलच्या तारा कापायच्या किंवा वाढवायच्या असतात, चोक काढायचा नसतो.

एंड-फेड हाफ वेव्ह अँटेनाच्या बाबतीत तर हा निकष पूर्ण उलटा पडतो. गच्चीवर जागा कमी असणाऱ्यांची ही हल्ली आवडती अँटेना. तिच्या टोकाचा इम्पीडन्स दोन-अडीच हजार ओहमच्या घरात असतो आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर तो पन्नासच्या जवळ आणतो. पण प्रवाहाला परतीची वाट लागतेच. वेगळी काउंटरपॉइझ तार दिलेली नसेल तर ती वाट म्हणजे कोअ‍ॅक्सची बाहेरची बाजू. ट्रान्सफॉर्मरला चिकटून दमदार चोक लावला की परतीची वाट बंद होते आणि एसडब्ल्यूआर बिघडतो. त्याच जागी निकामी चोक लावला तर एसडब्ल्यूआर जसाच्या तसा गोड राहतो. म्हणजे या कसोटीवर वाईट चोक पास आणि चांगला चोक नापास! खरा उपाय जागा बदलण्यात आहे. ४० मीटर बँडसाठी दोनेक मीटर केबल मोकळी सोडून त्यापुढे चोक लावावा, किंवा तेवढी वेगळी तार काउंटरपॉइझ म्हणून द्यावी.

इथपर्यंत मान्य करणारेही पुढे म्हणतात की फेराइटची भानगड हवीच कशाला, पीव्हीसी पाइपवर केबलचे सात-आठ वेढे घातले की काम होतं. या वेटोळ्यावर इतक्या लोकांचा विश्वास आहे की त्याचं गणित एकदा मांडायलाच हवं. आरजी-२१३ केबलचे, ११ सेंटिमीटर व्यासाचे, एकमेकांना लागून आठ वेढे घेतले तर इंडक्टन्स सुमारे ६ मायक्रोहेन्री येतो. ७.१ मेगाहर्ट्झला त्याचा रिअ‍ॅक्टन्स साधारण २६० ओहम, आणि ३.६ ला त्याच्या निम्मा. भाराच्या दहापट, म्हणजे ५०० ओहम हवेत, हा जुना ठोकताळा धरला तरी ४० मीटर बँडवर हे वेटोळं निम्म्यावरच अडकतं. पण आकडा लहान आहे ही त्यातली किरकोळ अडचण. मोठी अडचण अशी की तो जवळजवळ सगळा रिअ‍ॅक्टन्स आहे, आणि रिअ‍ॅक्टन्स कटू शकतो.

शिल्डच्या बाहेरच्या वाटेलाही स्वतःचा इम्पीडन्स असतो आणि तो लांबीप्रमाणे बदलतो. खालचं टोक अर्थला जोडलेलं असेल तर पाव तरंगलांबीपर्यंत ती वाट इंडक्टिव्ह असते, पाव ते अर्ध्या तरंगलांबीच्या दरम्यान कपॅसिटिव्ह. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे साधारण साडेदहा मीटर आणि अर्धी म्हणजे एकवीस. चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्याच्या अर्थपर्यंत उतरलेली केबल नेमकी याच टप्प्यात पडते. समजा तुमच्या केबलच्या बाहेरच्या वाटेचा इम्पीडन्स ४० ओहम रेझिस्टन्स आणि उणे २६० ओहम रिअ‍ॅक्टन्स असा आहे. दोन्ही मिळून परिमाण २६३ ओहम. आता फीड पॉइंटला अधिक २६० ओहमचं ते वेटोळं लावलं. दोन्ही रिअ‍ॅक्टन्स एकमेकांना कापतात आणि उरतात ४० ओहम. तेवढ्याच व्होल्टेजला बाहेरचा प्रवाह साडेसहा पट! चोक नसता तर बरं झालं असतं, अशी ही अवस्था.

प्रत्येकाच्या घरी असंच होतं असं मी म्हणत नाही. केबलची लांबी वेगळी असेल तर तेच वेटोळं बऱ्यापैकी चालेल, आणि वरच्या बँडवर, स्वतःच्या रेझोनन्सच्या जवळपास, त्याचा इम्पीडन्स हजारोंतही जाईल. म्हणून ‘माझ्याकडे तर वर्षानुवर्षं चालतंय’ असं सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला त्याच्या केबलच्या लांबीने साथ दिलेली असते. पण तो जेव्हा तेच वेटोळं दुसऱ्याला सुचवतो तेव्हा केबलची लांबी सोबत देत नाही.

फेराइटचा मोठेपणा इथे आहे. योग्य मटेरियलचं फेराइट एचएफ बँडांवर लॉसी असतं, म्हणजे त्याच्यावरच्या वेढ्यांच्या इम्पीडन्समध्ये रेझिस्टन्सचा वाटा मोठा असतो. आणि रेझिस्टन्स कुठल्याही लांबीच्या केबलने कटत नाही. चोकचा इम्पीडन्स मुख्यतः रेझिस्टिव्ह आणि पाच हजार ओहमच्या आसपास असावा, हा आग्रह अमेरिकेतले हॅम जिम ब्राउन यांनी आपल्या लेखनातून सातत्याने धरला. पाच हजार हा आकडा काहींना अतिरेकी वाटतो. हजार ओहमवर भागेल अशी ठिकाणं आहेतही. पण तुमच्याकडचे हजार ओहम रेझिस्टिव्ह आहेत की इंडक्टिव्ह, हे कळल्याशिवाय ते पुरेसे आहेत की नाहीत हे कुणीच सांगू शकत नाही. आणि मोजल्याशिवाय ते कळत नाही.

‘फेराइटवरच गुंडाळलाय, नामांकित लेखातली कृती जशीच्या तशी उतरवली आहे, मग मोजायचं कशाला?’ हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण मोजून प्रसिद्ध केलेली कृती आणि तोच कोअर, तीच केबल, तेवढेच वेढे असतील तर निकालही जवळपास तोच येतो. पण तोच कोअर आहे याची खात्री कशी? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटं कडं हातात घेतलं तर त्यावर नाव-गाव असेलच असं नाही. फेराइटची मटेरियल दिसायला सारखीच, राखाडी-काळी. ४३ नंबरच्या मटेरियलची सुरुवातीची पर्मिअ‍ॅबिलिटी ८००, ३१ ची १५००, ६१ ची १२५. डोळ्यांनी हा फरक कळत नाही. ६१ मिलिमीटर व्यासाच्या ४३ मटेरियलच्या कोअरवर, म्हणजे एफटी-२४०-४३ वर, १२ वेढे घेतले तर ४० मीटर बँडवर काही हजार ओहम मिळतात. तेवढेच वेढे त्याच मापाच्या ६१ मटेरियलवर घेतले तर हजार-बाराशे ओहम, आणि तेही बहुतांश इंडक्टिव्ह. पाइपवरच्या वेटोळ्याचाच दोष इथे मोठ्या आकड्यात परत येतो.

रंगीत कड्यांची कथा आणखी वाईट. टी-२००-२ हे लाल कडं लोखंडाच्या भुकटीचं असतं, त्याची पर्मिअ‍ॅबिलिटी फक्त १०. ट्यून्ड सर्किटसाठी ते उत्तम. पण त्यावर केबलचे १२ वेढे घातले की इंडक्टन्स होतो १.७ मायक्रोहेन्री आणि ७.१ मेगाहर्ट्झला अडथळा मिळतो ७७ ओहमचा. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेलं पिवळं-पांढरं कडंही लोखंडाच्या भुकटीचंच, पर्मिअ‍ॅबिलिटी सुमारे ७५. सुबक वेढे, केबल-टाय, छान डबा, दोन्ही टोकांना चकचकीत कनेक्टर, आणि आत ७७ ओहम. डमी लोडच्या चाचणीत हा चोक पहिल्या नंबराने पास होतो.

त्यावर काही जण एलसीआर मीटर काढतात. हा मीटर बहुधा १ किलोहर्ट्झ किंवा १०० किलोहर्ट्झला इंडक्टन्स मोजतो. फेराइटची पर्मिअ‍ॅबिलिटी वारंवारतेप्रमाणे बदलते, लॉस वाढत जातो, वेढ्यांमधला कपॅसिटन्स मध्ये येतो. म्हणून त्या आकड्यावरून ७ किंवा १४ मेगाहर्ट्झचं भाकीत करता येत नाही. वेढे वाढवले की चोक सुधारतो, हेही तेवढ्यापुरतंच खरं. वेढे वाढले की इम्पीडन्सचं शिखर खालच्या वारंवारतेकडे सरकतं. ८० मीटरवर फायदा होतो आणि १० मीटरवर तोटा. एकच चोक सगळ्या बँडांवर सारखाच चांगला, असा दावा कुणी केला तर त्याला त्याचा आलेख मागावा.

आता मोजायचं कसं ते सांगतो, कारण ‘मोजणं आपल्यासारख्यांचं काम नाही’ या समजुतीतच सगळं अडलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या समजुतीत तथ्य होतं. नेटवर्क अ‍ॅनलायझर बहुधा प्रयोगशाळांतच असायचा. २०१९ च्या सुमाराला नॅनोव्हीएनए हे तळहातावर मावणारं यंत्र बाजारात आलं. मूळ रचना जपानमधल्या एका हौशी कारागिराने सर्वांसाठी खुली केलेली. काही हजार रुपयांत ते मिळतं आणि एचएफ बँडांवर सुमारे ७० डेसिबलची मोजण्याची क्षमता त्यात असते. आपल्याला लागते चाळीसची.

चोकच्या दोन्ही टोकांना मधली तार आणि शिल्ड एकत्र जोडा, म्हणजे चोक एकाच वाहकासारखा होईल. नॅनोव्हीएनएच्या पहिल्या पोर्टची मधली पिन एका टोकाला, दुसऱ्या पोर्टची मधली पिन दुसऱ्या टोकाला. दोन्ही पोर्टांचं ग्राउंड तांब्याच्या पट्टीने आपसांत जोडलेलं. कॅलिब्रेशन करताना चोकच्या जागी आखूड तारेचा तुकडा ठेवून थ्रू घ्या. मग एस-२१ वाचा. ५० ओहमच्या पद्धतीत एस-२१ म्हणजे १०० भागिले, १०० अधिक चोकचा इम्पीडन्स. रेझिस्टिव्ह चोक उणे २० डेसिबल दाखवत असेल तर तो ९०० ओहमचा. उणे ३० म्हणजे ३०६० ओहमच्या जवळ. उणे ३४ म्हणजे ४९००. उणे ४० म्हणजे ९९००. फेज शून्याच्या जवळ असेल तर चोक रेझिस्टिव्ह. उणे नव्वदीकडे झुकत असेल तर इंडक्टिव्ह, अधिक नव्वदीकडे झुकत असेल तर कपॅसिटिव्ह. एकाच आलेखात दोन्ही उत्तरं मिळतात: अडथळा किती आणि कोणत्या प्रकारचा.

अँटेना अ‍ॅनलायझर असणारे विचारतील की एकाच पोर्टवर का नाही मोजायचं? कारण मोठ्या इम्पीडन्सला परावर्तनाची पद्धत आंधळी होते. ३००० आणि ५००० ओहम यांच्या परावर्तनात फरक पडतो डेसिबलच्या जेमतेम दहाव्या भागाचा. एवढा फरक कनेक्टर घट्ट-सैल झाल्यानेही पडतो. एस-२१ मध्ये तोच फरक चार डेसिबलहून जास्त असतो. अ‍ॅनलायझरच्या पडद्यावर मोठा आकडा उमटला म्हणून तो खरा मानायचा नसतो.

या मोजणीतही एक मोठा खड्डा आहे आणि तो टाळला नाही तर सगळी मेहनत वाया जाते. जोडणीचा स्वतःचा कपॅसिटन्स चोकला समांतर येतो. लांब मगरचिमटे, एकमेकांजवळून गेलेल्या तारा, चोक लोखंडी टेबलावर ठेवलेला, असं असलं तर ३ पिकोफॅरड सहज होतात. १४.२ मेगाहर्ट्झला ३ पिकोफॅरड म्हणजे साधारण ३७०० ओहम. पाच हजार ओहमचा उत्तम रेझिस्टिव्ह चोक अशा जोडणीत तीन हजारांचा दिसेल. इंडक्टिव्ह चोकच्या बाबतीत उलटही होतं: तोच भटका कपॅसिटन्स त्याच्याशी समांतर रेझोनन्स साधतो आणि साधा चोक कागदावर थोर ठरतो. म्हणून तारा जेवढ्या आखूड ठेवता येतील तेवढ्या ठेवा, चोक टेबलापासून वर, हवेत किंवा लाकडावर ठेवा. आणि चोक जोडण्याआधी त्याच जागी ४.७ किलोओहमचा साधा पाव वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टर लावून बघा. जोडणी चांगली असेल तर तो १४ मेगाहर्ट्झपर्यंत उणे ३३.६ डेसिबलच्या जवळ राहतो आणि फेज शून्याजवळ. तो भलतंच काही दाखवत असेल तर चोक मोजायला घेऊच नका, आधी जोडणी सुधारा. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारीही हीच.

नॅनोव्हीएनए नसेल तर? सिग्नल जनरेटर आणि एस-मीटरचा रिसीव्हर पुरतो. दोघांच्या तोंडाशी ५० ओहमचे १० डेसिबल अ‍ॅटेन्युएटर ठेवा, मध्ये चोक जोडा, मीटरची खूण टिपून घ्या. मग चोक काढून एकेक ओळखीचा रेझिस्टर लावत जा आणि कोणता लावल्यावर तीच खूण येते ते पाहा. फेज कळत नाही, पण परिमाण कळतं. ७७ ओहमचा चोक पाच हजारांचा म्हणून मिरवला जात असेल तर या साध्या पद्धतीतही तो पहिल्याच फटक्यात उघडा पडतो. पैशांची सबब त्यामुळे टिकत नाही.

टेबलावर मोजून झाल्यावर अँटेनावर पाहायचं, हे मलाही मान्य आहे. फक्त तिथे एसडब्ल्यूआर पाहायचा नाही, प्रवाह पाहायचा. केबलभोवती बसणारं फेराइटचं क्लिप-ऑन कडं, त्यावर बारीक तारेचे दहाएक वेढे, एक रेझिस्टर, एक डायोड आणि मायक्रोअ‍ॅमीटर, एवढ्यात आरएफ करंट मीटर तयार होतो. केबलच्या बाहेर तो लावला की आतले दोन समान-विरुद्ध प्रवाह आपसांत मिटतात आणि सुई दाखवते फक्त कॉमन मोड प्रवाह. १०० वॉटला डायपोलच्या मध्यावर एक-सव्वा अ‍ॅम्पिअर वाहतो, त्याच्याशी तुलना करा. पण एकाच जागी मोजून थांबू नका. बाहेरच्या प्रवाहाला केबलच्या लांबीवर चढउतार असतात. चोक लावल्याने ते सरकतात. तुम्ही नेमके उताराच्या जागी मीटर लावून बसलात तर काहीच प्रवाह नाही असं वाटेल. केबलच्या पूर्ण लांबीवर मीटर सरकवत, चोकसह आणि चोकविना, प्रत्येक बँडवर वाचा. काहीच साधन नसेल तर केबल हातात धरून, जागा बदलून एसडब्ल्यूआर हलतो का ते पाहा. हलला तर कॉमन मोड प्रवाह आहे हे नक्की. हलला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

‘कोअर गरम होत नाही, म्हणजे चोक चांगला’ हेही ऐकू येतं. ७७ ओहमचा भुकटीचा कोअरही थंडच राहील. थंडपणा ही फक्त टिकाऊपणाची खूण. ती इम्पीडन्स मोजल्यानंतर पाहायची आणि ज्या पद्धतीने बोलायचं त्याच पद्धतीने पाहायची. एसएसबीवर शांत राहणारा चोक एफटी-८ वर, जिथे पंधरा सेकंदांच्या पाळीत साडेबारा सेकंद सलग पूर्ण शक्ती जाते, तापू शकतो. ३१ आणि ४३ मटेरियलचं क्युरी तापमान १३० अंशांच्या पुढे असतं. त्याच्या जवळ पोचलेला कोअर चोक म्हणून संपतो.

आता ज्येष्ठांचा मुद्दा. ‘आम्ही इतकी वर्षं चोकविना जगभर बोललो.’ बोललात, यात शंका नाही. पण ज्या पिढीचा दाखला दिला जातो तिच्यातले कर्ते लोक मोजणारेच होते. समतोल अँटेना आणि असमतोल कोअ‍ॅक्स यांना जोडणारा दुवा म्हणजे बालन; गुस्ताव ग्वानेला यांचा ट्रान्समिशन लाइनवर आधारलेल्या बालनचा लेख १९४४ चा. वॉल्टर मॅक्सवेल यांनी कोअ‍ॅक्सवर फेराइटचे मणी ओवून केलेला बालन ‘क्यूएसटी’ मासिकात १९८३ मध्ये मांडला, तो इम्पीडन्सच्या मापनासह. रॉय लुवॅलन यांनी १९८५ मध्ये अँटेनाच्या दोन पायांतले आणि शिल्डच्या बाहेरचे प्रवाह प्रत्यक्ष मोजून दाखवले की चोक पद्धतीचा बालन का चालतो. परंपरेचा आधार घ्यायचा तर ही परंपरा आहे.

शिवाय तेव्हाचं घर आणि आजचं घर एक नव्हे. कॉमन मोडचा रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो. ट्रान्समिट करताना अँटेनाची शक्ती खाली खोलीत येते: माइकला ओठ लागले की चटका, कॉम्प्युटरचा माउस गोठतो, शेजारच्यांच्या स्पीकरमधून तुमचा आवाज. ऐकताना त्याच रस्त्याने घरातला गोंगाट वर चढतो आणि फीड पॉइंटला केबलच्या आत शिरतो. आज एका फ्लॅटमध्ये एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर. इमारतीत लिफ्टचा ड्राइव्ह, गच्चीवर सोलरचे पॅनेल. यातलं जवळजवळ प्रत्येक उपकरण स्विचिंग पद्धतीने चालतं आणि एचएफवर किरकिरतं. सकाळच्या ७ मेगाहर्ट्झच्या नेटवर लांबच्या कमजोर स्टेशनची हाक न ऐकू येणं हे शहरातल्या हॅमचं रोजचं दुखणं झालं आहे. त्याला ‘बँड खराब आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. मोजलेला, खरोखर चालणारा चोक यातला केबलवरून येणारा भाग अडवतो. खोटा चोक तो तसाच येऊ देतो, आणि वर चोक लावलेलाच आहे म्हणून त्या दिशेने कुणी शोधही घेत नाही. हे नुकसान मला सर्वांत मोठं वाटतं.

डोंगरावर पाच वॉटचा सेट, पाच मीटर केबल आणि झाडाला टांगलेली तार घेऊन कुणी तासभर बोलायला बसला असेल, तर त्याच्यापुढे मी आलेखाचा आग्रह धरणार नाही. समतोल टांगलेला डायपोल आणि काटकोनात खाली उतरणारी केबल असेल तर तिथे त्रास कमीही असेल. पण स्वतःचा चोक इतरांना सुचवणाऱ्याला, करून देणाऱ्याला, विकणाऱ्याला ही सूट नाही. बाजारातल्या तयार चोकलाही नाही. त्याच्या डब्यावर लिहिलेला एसडब्ल्यूआर आणि इन्सर्शन लॉस हे दोन्ही आकडे केबलच्या आतले असतात.

शेवटचा आक्षेप असा की हौसेच्या गोष्टीत इतकं मोजमाप आणलं की हौस मरते. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीत हौशी सेवेची व्याख्याच आत्मशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक तपास यांसाठीची सेवा अशी आहे. आपल्या हातातला परवाना त्याच सेवेचा आहे. तांत्रिक तपास हा वरून लादलेला भार नाही, या परवान्याचं ते एक कारण आहे.

म्हणून क्लबांना माझी विनंती आहे. एक नॅनोव्हीएनए, तांब्याच्या पट्टीवर बसवलेली आखूड जोडणी आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर क्लबच्या खोलीत कायम ठेवा, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचा चोक मोजू द्या. मोजलेल्या चोकवर चिठ्ठी चिकटवा: कोअरचं मटेरियल, केबल, वेढे, आणि ज्या बँडवर वापरायचा तिथला रेझिस्टन्स व रिअ‍ॅक्टन्स. ही चिठ्ठी नसलेला चोक विकत घेऊ नका आणि दुसऱ्याच्या हातीही देऊ नका.